ऊन पाण्याचं गाव

आपण आंघोळ करतो ती स्वच्छ होण्यासाठी. जपानी माणूस आधी स्वच्छ होतो आणि मग आंघोळीला जातो. हा फरक ऐकायला किरकोळ वाटतो, पण तो नीट उमगायला मला एक विमानप्रवास, एक आगगाडी आणि दोन रात्रींचा मुक्काम एवढं सगळं लागलं. आपल्याकडे आंघोळ 'उरकायची' असते. बादली, तांब्या, आतून कडी, आणि बाहेरून कुणीतरी 'आटपा आता' म्हणून दार वाजवणारं. चाळीत वाढलेल्या माझ्यासारख्या माणसाला दहा मिनिटांहून जास्त वेळ न्हाणीत काढणं हा शेजाऱ्यांवर अन्याय वाटतो. वर्षातून एकदाच, नरक चतुर्दशीच्या पहाटे, आपण आंघोळीचा सोहळा करतो. तेल, उटणं, पाटाभोवती रांगोळी. बाकीचे तीनशे चौसष्ट दिवस कारभार तांब्यावर भागतो.

जपानमध्ये जमिनीतून आपसूक येणाऱ्या गरम पाण्याला 'ओन्सेन' म्हणतात. बँकेत पस्तीस वर्षं काढल्यामुळे मला कुठल्याही गोष्टीची कायद्यातली व्याख्या आधी वाचायची खोड आहे. जपानने १९४८ साली ओन्सेनचा स्वतंत्र कायदाच केला. उगमापाशी पाणी किमान २५ अंश सेल्सिअस हवं, किंवा कायद्याने नेमून दिलेल्या १९ घटकांपैकी एकतरी त्यात ठरलेल्या प्रमाणात हवा. यांपैकी एक अट पुरी झाली की ते ओन्सेन. असे झरे आणि विहिरी त्या देशात सुमारे २७ हजार आहेत. त्यांच्या काठाने जी जुन्या पद्धतीची वसतिगृहं उभी राहिली, ती 'ऱ्योकान'. यामानाशी प्रांतातलं एक ऱ्योकान इसवी सन ७०५ पासून चालू असल्याचं सांगतात आणि जगातलं सर्वांत जुनं हॉटेल म्हणून त्याची नोंद गिनेस बुकात आहे. आपल्याकडे तेव्हा चालुक्यांचं राज्य होतं.

आमची लेक ओसाकाला नोकरी करते. २०२४ च्या नोव्हेंबरात आम्ही दोघं तिच्याकडे गेलो, तेव्हा तिने आमच्यासाठी किनोसाकी नावाच्या गावातल्या एका ऱ्योकानात दोन रात्रींची सोय करून ठेवली होती. ओसाकाहून 'कोनोतोरी' नावाची गाडी सुटते, ती डोंगर ओलांडून सुमारे पावणेतीन तासांत जपानच्या समुद्राच्या बाजूला आणून सोडते. गाडीत लेकीने आईला हळूच सांगितलं, की तिथे सार्वजनिक कुंडात अंगावर काहीही न घेता उतरायचं असतं. बायकांचं वेगळं, पुरुषांचं वेगळं, पण झाकाझाक नाही. ही खिडकीबाहेर बघत राहिली. थोड्या वेळाने म्हणाली, "तुम्ही दोघं जा. मी खोलीत वाचत बसेन."

हिच्या त्या वाक्यामागे पाच वर्षं होती. २०१९ साली हिच्यावर शस्त्रक्रिया झाली आणि डावा स्तन काढावा लागला. दुखणं गेलं, औषधं संपली, केस पुन्हा आले. डॉक्टरांनी 'आता वर्षातून एकदा या' म्हटलं. पण घरातला मोठा आरसा कपाटाच्या आतल्या बाजूला गेला तो गेलाच. बहिणींकडे मुक्कामाला जाणं थांबलं. दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला अख्ख्या घराला तेल लावणारी ही, स्वतःची पाठ मात्र कुणाच्या हाती देईनाशी झाली. आम्ही याविषयी बोलत नव्हतो. मध्यमवर्गीय घरात न बोलण्याच्या गोष्टींसाठी एक फळी राखलेली असते, तिथे ही गोष्ट ठेवून दिली होती. हे मी वर्तमानपत्रात लिहू का, असं तिला विचारलं. ती म्हणाली, "लिहा. पण रडकं लिहू नका." तेव्हा तिची अट सांभाळून पुढे लिहितो.

किनोसाकी हे गाव स्टेशनातून बाहेर पडल्याबरोबर आवडावं असं आहे. मधोमध ओतानी नावाची अरुंद नदी, तिच्या दोन्ही काठांना खाली झुकलेले वाळुंजाचे वृक्ष, ठिकठिकाणी दगडी कमानीचे पूल आणि मागे दुमजली-तिमजली लाकडी घरं. नदीचे काठ काळ्या दगडाने बांधून काढलेत. तो दगड बघून मला एकदम सह्याद्रीच्या घाटात आल्यासारखं वाटलं. वाटण्यासारखंच होतं, कारण तो बसाल्ट आहे, आपल्या किल्ल्यांचा काळा पाषाण. गावाजवळ गेम्बुदो नावाची गुहा आहे. षटकोनी खांबांची रास रचून ठेवावी तसा बसाल्ट तिथे उभा आहे, आणि बसाल्टला जपानी भाषेत जो शब्द आहे तो या गुहेच्या नावावरूनच पडला. याच दगडात मोतोनोरी मात्सुयामा या शास्त्रज्ञाला पृथ्वीचं चुंबकत्व कधीकाळी उलटं होतं याचा पुरावा सापडला. तो त्याने १९२९ साली जगापुढे मांडला.

गावात सात सार्वजनिक स्नानगृहं आहेत. त्यांना 'सोतोयु' म्हणतात, म्हणजे बाहेरचं गरम पाणी. प्रत्येकाला नाव आहे, प्रत्येकाची कथा आहे. दोचि नावाच्या एका भिक्षूने हजार दिवस प्रार्थना केली, तेव्हा इसवी सन ७२० मध्ये पाणी वर आलं. ते ठिकाण मांदारा-यु. जखमी पायाचा करकोचा एका डबक्यात रोज येऊन उभा राहायचा आणि एक दिवस बरा होऊन उडून गेला. लोकांनी जाऊन पाहिलं तर पाणी गरम. ते कोनो-यु. आणि अठराव्या शतकात कागावा शुतोकु नावाच्या वैद्याने जे पाणी देशात पहिल्या क्रमांकाचं ठरवलं, ते इचिनो-यु, म्हणजे 'पहिलं पाणी'. आपल्याकडे कुंड म्हटलं की एखादा ऋषी, एखादा बाण आणि एखादी तहानलेली सीतामाई लागतेच. तिथे करकोचा पुरतो. त्या करकोच्याची खरी गोष्ट मात्र कथेपेक्षा मोठी आहे. शेतीतल्या औषधांनी आणि तुटलेल्या झाडांनी जपानमधले रानातले करकोचे संपत गेले आणि १९७१ साली याच तोयोओका परिसरात शेवटचा मेला. रशियातून आणलेल्या पिल्लांपासून पुन्हा वंश वाढवून २००५ साली पाच पक्षी मोकळे सोडले. त्यांच्यासाठी आसपासच्या शेतकऱ्यांनी भाताच्या खाचरांतली विषारी औषधं कमी केली. आम्हांला गाडीतून दोन दिसले, खाचरात उभे, सरकारी कार्यालयातल्या हेडक्लार्कसारखे गंभीर.

ऱ्योकानात शिरताना पहिली गोष्ट उतरवायची ती पादत्राणं. इथवर आपलं घर आणि त्यांचं घर सारखंच. नंतर मात्र नियमांचे पदर उलगडत जातात. लाकडी जमिनीवर सपाता चालतात, तातामीच्या चटईवर चालत नाहीत. शौचालयाच्या सपाता वेगळ्या, त्या तिथल्या तिथेच ठेवायच्या. खोलीत पाऊल टाकलं तर ती जवळजवळ रिकामी. एक बुटकं मेज, चार बैठकी, भिंतीतल्या कोनाड्यात एक लांब चित्र आणि एका बारक्या फुलदाणीत एकच फांदी. पलंग नाही, कपाट दिसत नाही. आपण दिवाणखान्यात शोकेस मांडतो, त्यात आवाज नसलेली घड्याळं आणि न वापरायचे कप ठेवतो. इथे सगळं ऐश्वर्य रिकाम्या जागेत होतं. मालकीणबाईंना 'ओकामी' म्हणतात. त्यांनी गुडघ्यांवर बसून, दोन्ही हात टेकून नमस्कार केला. आमच्या खोलीची व्यवस्था बघणाऱ्या साठीच्या बाईंनी चहा आणि एक गोड पदार्थ ठेवला. आंघोळीआधी थोडं गोड पोटात असावं, नाहीतर गरम पाण्यात चक्कर येते, असं लेकीने त्यांचं बोलणं समजावून सांगितलं. पाहुणचारातही वैद्यकी होती.

मग युकाता. सुती, निळ्या-पांढऱ्या नक्षीचा, अंगरख्यासारखा कपडा. त्याची डावी बाजू उजवीच्या वर यायला हवी. उलट नेसवतात ते फक्त मृताला, म्हणून याबाबतीत कुणी थट्टा करत नाही. युकाता नेसून, पायात 'गेता' नावाच्या लाकडी पादुका घालून, हातात टॉवेलची टोपली घेऊन अख्खं गाव रस्त्यावर फिरत असतं. म्हातारे, नवी लग्न झालेली जोडपी, शाळकरी पोरं, कंपनीच्या सहलीला आलेले साहेब आणि शिपाई. सगळे एकाच कपड्यात आणि खडावांचा तोच टकटक आवाज करत. गावात म्हणण्याची एक पद्धत आहे. सगळं किनोसाकी हेच एक ऱ्योकान. स्टेशन हे त्याचं दार, रस्ते म्हणजे ओसऱ्या, वसतिगृहं म्हणजे खोल्या आणि सात सोतोयु ही न्हाणीघरं. मुक्कामाला आलेल्या प्रत्येकाला एक पास मिळतो, तो दाखवून सातही ठिकाणी फुकट जाता येतं.

पहिल्या संध्याकाळी मी एकटाच इचिनो-युला गेलो. पुरुषांच्या बाजूला निळा पडदा, बायकांच्या बाजूला तांबडा. आत गेल्यावर कपडे टोपलीत. मग छोट्याशा स्टुलावर बसून साबण लावून सर्वांग घासायचं, डोक्यापासून पायापर्यंत, साबणाचा कण राहता कामा नये. इथपर्यंत माझी आंघोळ झाली होती. त्यांची आता सुरू व्हायची होती. हातातला छोटा टॉवेल पाण्यात बुडवायचा नसतो, म्हणून लोक त्याची घडी करून डोक्यावर ठेवतात. पाणी ४२ अंशांच्या आसपास असावं. पहिला पाय टाकताना जीव वर येतो, दुसरा टाकताना आपण मागे फिरायचा विचार करतो, आणि गळ्यापर्यंत बसल्यावर तोंडातून जो एक लांबलचक 'आऽह' निघतो, तो कुठल्याही भाषेतला नसतो. माझ्या शेजारच्या म्हाताऱ्याच्या तोंडूनही तोच निघाला. आम्ही एकमेकांकडे बघून मान हलवली. एवढंच संभाषण.

वाफेत बसून मी माणसं पाहत होतो. बँकेत मी माणूस ओळखायचो तो त्याच्या खुर्चीवरून, नाहीतर त्याच्या खात्यावरून. इथे कोण संचालक आणि कोण शिपाई, कळायला मार्गच नव्हता. एका वृद्धाच्या छातीवर हृदयाच्या शस्त्रक्रियेचा उभा व्रण होता. एकाच्या गुडघ्यावर टाके. एका तरुणाच्या पाठभर निळा-हिरवा ड्रॅगन गोंदलेला. जपानमधल्या पुष्कळ स्नानगृहांत गोंदवलेल्या माणसाला प्रवेश नसतो, पण किनोसाकीचे सातही सोतोयु त्याला मज्जाव करत नाहीत. माझ्या स्वतःच्या पोटावर अपेंडिक्सची जुनी रेघ आहेच. पासबुकात नोंदी असाव्यात तशी प्रत्येकाच्या अंगावर काही ना काही नोंद होती, आणि कुणी कुणाचं पासबुक वाचत नव्हतं.

परत आलो तोवर खोलीत जेवण मांडायला सुरुवात झाली होती. नोव्हेंबर हा तिथे खेकड्याच्या हंगामाचा पहिला महिना. 'मात्सुबा' जातीचे लांब पायांचे खेकडे समुद्रातून येतात आणि त्यांच्यासाठी लोक दुरून येतात. उकडलेला, निखाऱ्यावर भाजलेला, कच्चा, भाताच्या पेजेत शिजवलेला. एका खेकड्याची इतकी रूपं पाहून माझ्यातला कोकणी माणूस सद्गदित झाला, तरी मनात एकदा येऊन गेलंच, की याला तिरफळ आणि ओलं खोबरं लागलं असतं तर? एक गोष्ट मात्र दोन्हीकडे सारखी. खेकडा खाताना पंगतीत कुणी बोलत नाही. हिचं शाकाहारी जेवण लेकीने आठवडाभर आधी कळवून ठेवलं होतं, कारण तिथल्या साध्या दिसणाऱ्या सारातही सुक्या माशाचं पाणी असतं. हिच्यासमोर तोफू, रताळं, कमळाचे देठ आणि रानातल्या अळंब्यांचे बारा-तेरा इवले पदार्थ आले, प्रत्येकाचं भांडं निराळं. एवढी भांडी घासणार कोण, हा हिचा पहिला प्रश्न होता.

जेवण होईतो सेवेच्या बाईंनी एक वाक्य हळूच लेकीच्या कानाशी बोलून ठेवलं होतं. वसतिगृहात तासाच्या बोलीवर आतून कडी लावता येईल असं एक खासगी कुंड आहे. आणि सार्वजनिक कुंडात जायचं असेल तर शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रियांसाठी एक खास वस्त्र मिळतं, छाती झाकणारं, पाण्यात चालणारं. लेकीने आरक्षणाच्या वेळी सगळं कळवलं होतं म्हणे. जपानमध्ये हा प्रश्न अनेकींचा आहे. दुखण्यातून उठलेल्या बायका ओन्सेनला जायचं सोडून देतात, हे लक्षात आल्यावर २०१२ साली काही वसतिगृहांनी मिळून 'पिंक रिबन' या नावाने एक जाळं उभं केलं. व्रण असलेल्या स्त्रीला निर्धास्तपणे यायला मिळावं, एवढाच त्याचा हेतू. त्या रात्री ही खासगी कुंडात गेली, एकटी. कडी लावल्याचा आवाज मी ऐकला. अर्ध्या तासाने आली, 'छान आहे' म्हणाली आणि आम्ही बाहेर असताना कुणीतरी घालून ठेवलेल्या गादीवर आडवी झाली.

मला झोप येईना. खिडकीखालून खडावांचा आवाज उशिरापर्यंत येत होता, आणि लेकीने त्या दुपारी सांगितलेला एक खटला माझ्या डोक्यात फिरत होता. २३ मे १९२५ रोजी सकाळी अकराच्या सुमारास या भागात मोठा भूकंप झाला. चुली पेटलेल्या होत्या, घरं लाकडाची. सबंध परिसरात चारशेहून अधिक माणसं गेली आणि किनोसाकी जवळजवळ सगळं जळून राख झालं. गाव पुन्हा उभं राहिलं ते पुन्हा लाकडाचंच, फक्त आग पसरू नये म्हणून मधे मधे काँक्रीटच्या इमारती घालून. तोपर्यंत शेकडो वर्षांची रीत अशी, की वसतिगृहात आंघोळीची सोय नसायची. पाणी गावाचं, पाहुण्याने आणि गावकऱ्याने बाहेर जाऊन सगळ्यांबरोबर नाहायचं. भूकंपानंतर १९२७ साली एका वसतिगृहाने आपल्याच जागेत लागलेलं गरम पाणी आपल्याच इमारतीत खेळवून पाहुण्यांसाठी आतलं कुंड बांधलं. गाव उठलं. माझ्या जमिनीतलं पाणी माझं, की खालून वाहतं म्हणून ते सगळ्यांचं? आज एकाने आत कुंड बांधलं तर उद्या सगळे बांधतील. मग रस्त्यावर येणार कोण? सोतोयु ओस पडतील, रस्त्यावरची दुकानं बसतील. प्रकरण कोर्टात गेलं आणि मिटायला १९५० साल उजाडलं. तेवीस वर्षं.

मी बँकेच्या नोकरीत तीन वर्षं दापोली तालुक्यात शेतीकर्जं पाहिली आहेत. सातबाराच्या उताऱ्यावर 'विहिरीत चार आणे हिस्सा' अशी नोंद वाचली, की माझ्या पोटात गोळा यायचा. चार आण्याच्या धन्याला पाण्याची पाळी कुठल्या वारी आणि किती तास, यावरून सख्खे भाऊ तीन पिढ्या बोलत नसायचे, आणि आमची मोटरपंपाची कर्जं त्या अबोल्यात बुडायची. त्यामुळे हा खटला जिंकला कोण, एवढंच मला जाणून घ्यायचं होतं. गंमत अशी की कुणीच पुरतं जिंकलं नाही. तडजोड झाली. आतलं कुंड बांधायला हरकत नाही, पण त्याच्या आकाराला मर्यादा. ते लहानच राहिलं पाहिजे. मोठं पाणी बाहेरच, सगळ्यांसाठी. झरे गावाच्या सामाईक मालकीचे. पुढे सगळ्या विहिरींचं पाणी एकत्र करून नळाने सगळ्यांना वाटायची व्यवस्था आली. आमच्या ऱ्योकानातलं खासगी कुंड एवढंसं का होतं, ते मला तेव्हा समजलं. माणसाला कडी लावायची मुभा असावी, पण कडीबाहेरचं जग त्याने विसरू नये, इतपत ते लहान ठेवलेलं होतं.

या गावात लेखकांचाही राबता फार. १९१३ साली नाओया शिगा हा तरुण लेखक तोक्योत आगगाडीच्या धक्क्याने जबर जखमी झाला आणि बरा होण्यासाठी इथल्या मिकिया नावाच्या ऱ्योकानात येऊन तीन आठवडे राहिला. त्यावर त्याने १९१७ साली लिहिलेली 'किनोसाकी येथे' ही छोटी कथा जपानमध्ये आजही वाचली जाते. तिच्यात काही घडत नाही. एक मेलेली गांधीलमाशी, जीव वाचवायला धडपडणारा एक उंदीर आणि लेखकाने सहज भिरकावलेल्या दगडाने मेलेला एक छोटा जलचर. आपण वाचलो आणि ते मेले, यात फार मोठं अंतर नाही, असं त्याला वाटतं. दुखण्यातून उठलेल्या माणसाला बरं होणं म्हणजे काय, हे डॉक्टरांच्या कागदावरून कळत नाही. ते कुठेतरी दुसरीकडेच, पाण्याच्या काठाशी वगैरे कळत असावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला जाग आली तेव्हा शेजारची गादी रिकामी होती. युकाता नव्हता, टोपली नव्हती. लेक गाढ झोपलेली. काही सोतोयु सकाळी सातला उघडतात. मी खाली उतरलो, पादुका चढवल्या आणि नदीकाठाने चालत इचिनो-युपाशी आलो. दारात पाय शेकायचं उघडं कुंड आहे, त्यात पाय सोडून बसलो. थंडी मजबूत होती. तांबड्या पडद्याआड काय चाललंय, हे मला कळायचा मार्ग नव्हता, आणि खरं सांगायचं तर ते कळायचा मला अधिकारही नव्हता. चाळीस वर्षांच्या संसारात काही दारं अशी असतात, की त्यांच्यापुढे नवऱ्याने पाय शेकत बसावं.

पाऊण तासाने ही बाहेर आली. चेहरा लालबुंद, केस ओले, पाठीमागे दोन जपानी आज्या आपसात बोलत. मी काहीच विचारलं नाही. तीच म्हणाली, "पाणी फार कडक आहे हो." थोडं चालल्यावर म्हणाली, "एकीने मला स्टूल सरकवून दिलं. बाकी कुणी पाहिलंच नाही." मी तिच्या हातातली टोपली घेतली. छोटा टॉवेल पिळून ठेवलेला होता. खाली ते खास वस्त्र होतं, घडी न मोडलेलं, कोरडं.

त्या दिवशी आम्ही सातांपैकी चार पाण्यांना जाऊन आलो. ही लेकीबरोबर, मी एकटा. दुपारी दोघी तांबड्या पडद्यातून हसत बाहेर आल्या तेव्हा मला आतली गोष्ट कुणी सांगितली नाही, आणि मला त्याचा अतिशय आनंद झाला.

तिसऱ्या दिवशी सकाळी दहाला खोली सोडायची होती. बिल मी बारकाईने वाचलं, ही सवय सुटत नाही. माणशी दर, त्यातच रात्रीचं जेवण आणि सकाळची न्याहारी. आणि शेवटी एक छोटी ओळ, माणशी दिवसाला दीडशे येन 'स्नान कर'. गरम पाण्यात बसण्याबद्दल सरकारला कर देताना मला पहिल्यांदाच काही वाटलं नाही. बक्षिशी द्यायची पद्धत नाही. ओकामी आणि त्या सेवेच्या बाई रस्त्यापर्यंत आल्या आणि आम्ही वळणाआड होईपर्यंत वाकलेल्या राहिल्या. हा धंदा सोपा राहिलेला नाही. १९८० च्या सुमारास जपानमध्ये ऐंशी हजारांहून अधिक ऱ्योकानं होती. २०१८ पर्यंत ती चाळीस हजारांच्या खाली आली. मुलं शहरात जातात, इतकी भांडी घासायला आणि इतक्या गाद्या घालायला माणसं मिळत नाहीत, जुन्या लाकडाची निगा महाग पडते. कर्ज मागायला आलं असतं तर मी हा प्रस्ताव मंजूर केला असता का, याचा विचार मी गाडीत बराच वेळ करत होतो. आकड्यांत बसला नसता. पण रिकाम्या खोलीतली एक फांदी आणि न मागता सरकवलेलं एक स्टूल, यांचं तारणमूल्य काढायचा तक्ता कुठल्याच बँकेत नसतो.

परत आल्यावर जानेवारीत हिनेच विषय काढला, "तुमच्या त्या दापोलीकडे गरम पाणी होतं ना?" होतं, म्हणजे आहेच. कोकणात अशा झऱ्यांची रांगच आहे. तुरळ, आरवली, राजापूरचं उन्हाळे, महाडजवळचं सव, आणि वर वज्रेश्वरी-अकलोली-गणेशपुरी. उन्हाळे, उन्हवरे या गावांच्या नावांतच ऊन आहे, ऊन पाण्यातलं ऊन. जपानच्या पुष्कळ झऱ्यांखाली ज्वालामुखीची धग आहे. आपल्याकडे पावसाचंच पाणी भेगांतून खोल जातं, पृथ्वीच्या पोटातल्या उष्म्याने तापतं आणि पुन्हा वर येतं. आम्ही उन्हवऱ्याला गेलो. गंधकाचा वास, पुरुषांचं कुंड वेगळं, बायकांचं वेगळं, मधे भिंत. ऱ्योकान नाही, ओकामी नाही. कपडे ठेवायला खुंटी मिळाली तर नशीब. बाहेर चहाची एक टपरी आणि अंगदुखीसाठी आलेल्या म्हाताऱ्या.

मी टपरीवर बसलो. भिंतीपलीकडून बायकांचे आवाज येत होते आणि ते जपानी आवाजांसारखे हळू मुळीच नव्हते. एकदम एक खणखणीत स्वर ऐकू आला, "काय झाला गो तुला हितं?" माझ्या हातातला चहा थांबला. क्षणभर शांतता. मग हिचा आवाज, साधा, बाजारात भाव सांगावा तसा, "कॅन्सर झाला होता. कापून काढलं. आता बरी आहे." त्यावर आणखी कुणीतरी म्हणालं, "माझ्या नणंदेलाबी झालंता, ती आजून भात लावते." आणि मग सगळ्या मिळून कुणाच्या तरी सुनेविषयी बोलायला लागल्या.

किनोसाकीत कुणी पाहिलं नाही. उन्हवऱ्यात सरळ पाहिलं आणि विचारलं. कुठलं जास्त बरं, असं मी परतताना एसटीत हिला विचारलं. ही बराच वेळ खिडकीतून बघत होती. मग म्हणाली, "आधी तिथलं लागत होतं. मग इथलं." आणि पिशवीतून तेलाची बाटली काढून दाखवली. टपरीच्या शेजारी एका म्हातारीकडून तिने नारळाचं घाण्याचं तेल घेतलं होतं, दिवाळीला अजून नऊ महिने होते तरी.